सरपंचाची खुर्ची आन् सासऱ्याची रीत

अवं, माही जाऊ वैशाली सरपंच झाली आन् पहिल्याच ग्रामसभेत कल्ला झाला. ती खुर्चीवर टेकली न टेकली, तं समोर बसलेले आमचे सासरे खेकसले, "सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसत असते काय वं? आन् आवाज हळू ठेव!"

वैशाली लगेच उठली. पदर सावरत म्हणे, "बराबर हाय मामाजी, रीत मोडू नाही. पण सरपंचाले तं इथं बसाच लागते. मंग तुमीच बाहेर बसा."

सारी सभा हासली. मामाजी तणतणत बाहेर ओट्यावर जाऊन बसले. जराशानं आमच्याच गल्लीतल्या नळाचा विषय निघाला, तं खिडकीतून मामाजीचं तोंड आत आलं, "सूनबाई, जोरात बोल ना वं! मले काईच आयकू येऊन नाही राह्यलं!"