ओढणीवरचा दगड

नाही हो ताई, मी हलले नाही — दोन्ही वेळा डोळे मिटून, हात सैल सोडून पडले होते, खरंच — मग तिसरी पट्टी कशाला? मलिहा तर एकाच पट्टीत मोकळी झाली. शाळेतल्या सगळ्या पळणाऱ्या मुलींचा आज ईसीजी आहे, काही होत नाही, फक्त गार लागतं, असं सर म्हणाले होते. गार तर लागतंच. आणि हे हातापायांचे चिमटे, मला वाटलं होतं शॉक बसेल — नाही, दुखत नाही. मी एवढी बोलत नसते, ताई. वर्गात मला मुकी म्हणतात. भीती वाटली की मात्र तोंड थांबत नाही, अन् मंग शाळेची भाषा सुटते न मले घरचंच बोलणं येते — हसू नका.

पट्टीचा फोटो काढून कोणाले पाठवला तुम्ही? बुलडाण्याच्या डॉक्टरले? काऊन? मलिहाचा तर नाही पाठवला. मी पडद्याआडून पाह्यली न तिची पट्टी — एक उंच टोक, मागं एक टेकडी, टेकडी लवकर उतरते, मंग सपाट रस्ता. माही टेकडी उतरूनच नाही राह्यली. पार पुढच्या टोकाच्या पायथ्याशी जाऊन टेकली. तुम्ही कर्कटकानं तेच मोजून राह्यल्या न? तेच न?

चक्कर? नाही. म्हणजे — हाव, आली होती. मघाशी नाही म्हटलं, पण मघाशी सर दारात उभे होते, अन् जिल्ह्याच्या शर्यतीत आमच्या शाळेतून मी एकटीच आहे. चारशे मीटरच्या शेवटच्या वळणावर आधी आवाज गेले. पोरी ओरडत होत्या, त्यांची तोंडं हलताना दिसत होती, आवाज नाही. मंग मैदानच उठून तोंडावर आलं. शुद्धीवर आली तर मलिहा माहा हात धरून रडत होती. घरी गूळ-शेंगदाणे सुरू झाले, पोरगी उपाशी पळते म्हणून. झालं, एवढंच. ते लिहून काऊन राह्यल्या तुम्ही?

अन् घरात तरुणपणी कोणी अचानक गेलं का, ते सांगतलं न — कोणीच नाही. आजी, तानाबाई, या वयात कापूस वेचते. बाबाले साधा ताप येत नाही. आत्या गेली, पण ते आजारानं थोडीच — तिले विहिरीनं नेलं. आमच्याकडे असंच म्हणतात, विहिरीनं नेलं, अन् मंग कोणी पुढं विचारत नाही. महामाया नाव होतं. माह्याएवढीच होती. मी तिले फोटोतच पाह्यलं. — येत होतं न पोहता! मासोळी होती मासोळी, विहिरीच्या काठावरून सूर मारायची. म्हणून तर लोक म्हणाले, पोहणारी पोर बुडते कशी? बुडायचंच ठरवलं असंन. तेव्हा तिच्या लग्नाची बोलणी चालू होती, अन् काठावर चपला जोडीनं काढलेल्या, ओढणी घडी करून ठेवलेली — झालं, उडीच मारली. अजून धाड गावच्या बाजारात कोणी आजीशी भांडलं की तेच काढते, ‘हिची पोरगी जीव देऊन मेली.’ आजी त्या विहिरीचं पाणी पीत नाही. मले पाण्यात पाय घालू देत नाही. पळायले कधी नाही म्हणत नाही — पळ म्हणते, पाण्यापासून लांब पळ.

पण ओढणीवर दगड होता, ताई. वाऱ्यानं उडू नये म्हणून. आजी एकदाच बोलली, भाकर थापता थापता, माह्याकडे न पाहता — ‘मरायले निघालेली पोरगी ओढणीवर दगड कायले ठेवंन वं?’ मी चुलीत काडी सारली.

असं होते का, ताई? पोहता पोहता — आधी आवाज गेले असतील, अन् मंग — पाण्यात हात धरायले मलिहा नसते न. नुसती मान काऊन हलवता? नीट सांगा. रक्तातून येते का हे? मले नाही पाहिजे. मले पळायचं आहे. तुमचं मशीनच बिघडलेलं निघो, पट्टी चुकीची निघो — पण मंग आत्या? माही पट्टी साफ निघाली तर तिनं जीवच दिला, असंच राहते न? अन् नाही निघाली साफ, तर ती ओढणी घ्यायले परत येणार होती, अन् मी — मी काय मागू सांगा न? दोन्ही कसं मागू?

हाव, आजी आली आहे. बाहेर पायरीवर बसली आहे, माहा डबा मांडीवर घेऊन. तिले नका बोलवू. नाही — बोलवा. पण माहं लगेच नका सांगू, आधी दगडाचं सांगा. तिले म्हणा, तुमची पोरगी —

फोन वाजून राह्यला. बुलडाण्याचाच आहे न? चिमटे काढू का मी? — नको? बरं. उचला, ताई. मी गप पडते. हलत नाही.