गल्ल्यावरची बाई

सल्ला देणाऱ्या पाहुण्यांचं कौतुक मला सांगू नका. लोहगडवाडीतल्या आमच्या हॉटेलाचं काय झालं, ते आधी ऐका.

आमचे हे गेले. दहाव्याला पाहुण्यांनी माझ्या संतोषच्या डोक्यावर दुखवट्याच्या टोप्या घातल्या आणि तिथेच हॉटेलात बैठक मांडली. बबन, माझा धाकटा दीर, म्हणाला, "वयनी, हाटेल भाड्यानं देऊन टाका. आता तुमी गल्ल्यावर बसलेलं बरं दिसत न्हाई."

"इतकी वर्सं मीच बसत हुते, भावजी. तुमी दर रविवारी फुकट जेवून जायचा, तवा बरं दिसत हुतं?"

जावई म्हणाले, "मामी, भाडेकरू माझ्या ओळखीचाच आहे."

जागा ह्यांनी आधीच संतोषच्या नावावर केलेली. मी त्याच्याकडे बघितलं. तो एकावर एक चढवलेल्या टोप्यांखाली मान घालून बसला होता. म्हणाला, "आई, मोठी मानसं सांगत्यात."

झालं, हॉटेल गेलं. पण गडावर येणारी माणसं चुलीवरचीच भाकरी मागतात, आणि भाडेकरूला भाकऱ्या थापणारी बाई मिळेना. शेवटी मीच जाते, रोजावर, माझ्याच चुलीपुढे.

गेल्या रविवारी बबन आला, ताट ओढून बसला. म्हणाला, "बगा वयनी, चुलीपाशी कसं शोभतंय. वाढा."

मी हातातली भाकरी तव्यावरच ठेवली. म्हटलं, "भावजी, आदी गल्ल्यावर पैसं भरून या. पावन्यांनी फुकट जेवायचं हाटेल तुमीच बंद केलंय."