पुलाचा चढ

ई-बाइकच्या सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्यापुढे एक नर्सबाई आणि त्यांचा नवरा उभे होते. मेकॅनिकने त्यांची बॅटरी काउंटरवर आणून ठेवली.

"ताई, बॅटरी ठणठणीत आहे. ती पूर्ण चार्जच होत नाहीये."

"कशी होत नाही? रोज ड्यूटीवरून आल्यावर हे धूड तीन मजले चढवून मीच चार्जिंगला लावते."

"मग कोणीतरी मध्येच बटण बंद करतंय."

"अहो, तुम्ही का खाली बघताय?"

"आई घाबरते गं. बॅटरी फुटेल म्हणते. म्हणून तू झोपलीस की मी बंद करतो."

"आणि मी पुलावर गाडी ढकलत होते, तेव्हा फोनवर काय म्हणालात? मला नीट चालवता येत नाही! नव्या बॅटरीसाठी मी जादा ड्यूट्या करतेय, तेही बघत बसलात!"

"सांगितलं असतं तर तू आईशी भांडली असतीस."

"आईंशी कशाला भांडू? त्यांनी निदान बोलून तरी दाखवलं!"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत! दादा, बॅटरी गाडीत बसवू नका. माझ्याकडे द्या, मला उचलायची सवय आहे. मी बसने जाते."

"अगं, मग गाडी घरी कशी आणू?"

"ढकलत. पुलाच्या चढावर जरा दम लागतो, तेवढं सांभाळा."