चौथ्या गाण्याची चाल

बाल्कनीतल्या बादलीत एसीच्या नळीतून पाणी ठिबकत होतं. सहा थेंब सलग, मग एका थेंबाएवढी रिकामी जागा, मग पुन्हा सहा. भिंतीपाशी नळी वळते तिथे हवेचा बुडबुडा अडकतो, एवढंच त्याचं कारण. आखातातल्या रुवैसच्या या क्वार्टरमध्ये तेवीस वर्षांत नळी दोनदा बदलली, वळण तेच राहिलं. साधना सोफ्यावर बसून थेंब मोजत होती. मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची वही, शेजारी फोन. तीन वाजून दहा मिनिटांनी तो वाजला. तिने दोन रिंग जाऊ दिल्या आणि उचलला.

"हॅलो?… हां, बोल मुग्धा… नाही गं, झोपले नव्हते. लॅबला आज सुट्टी आहे माझी… हो, जेवले. तू?… नुसती कॉफी? अगं, अल क्वोजला त्या स्टुडिओच्या गल्लीत केरळवाल्याचं हॉटेल आहे ना, पराठा तरी मागव… बरं, बरं. राहिलं खाणं. सांग.

"कोण रोनित?… म्युझिक कंपनीचा वकील. मुंबईचा… हळू सांग. आणि मराठीत सांग. घाबरलीस की तू इंग्रजीत पळत सुटतेस, निम्मं कळत नाही मला…

"हो… हो… आठ गाणी क्लिअर झाली. छान झालं की… आणि चौथं?…

"म्हणजे शब्द तुझे आणि चाल 'पारंपरिक', असं तू फॉर्मवर लिहिलंस. आणि तो विचारतोय, कुठली परंपरा. कुठल्या गावची, कोणी ऐकलीय, कुठे छापलीय… हं. बरोबर आहे त्याचं. मीही हेच विचारलं असतं… अगं, त्याची बाजू नाही घेत मी… ऐक ना…

"चार वाजेपर्यंत? आजच?… आणि कागद नाही मिळाला तर?… काढून टाकणार. आठ गाण्यांचाच अल्बम करणार… पण त्या गाण्यावरूनच तर त्यांनी तुला बोलावलं होतं… हो, कळतंय. पहिला अल्बम आहे, एवढी मोठी कंपनी आहे, पुन्हा कोण विचारणार… कळतंय गं मला. रडू नकोस."

साधनाने वही उघडली नाही. नुसता अंगठा पानांच्या कडेवरून फिरवला.

ती चाल कुठून आली हे जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं. मुग्धा तेव्हा दीड महिन्यांची होती. तिकडे साताऱ्याला तिच्या नवऱ्याची, प्रकाशची आई वारली, आणि रजा नि तिकीट जुळेपर्यंत उशीर झाला. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर आठवडाभराने एका संध्याकाळी तो ड्यूटीवरून आला आणि दारातच थबकला. आत साधना बाळाला घेऊन गुणगुणत होती. "आई म्हणायची का गं हे?" त्याने विचारलं, "ओळखीचं वाटतंय." साधनाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि 'हो' म्हणाली. नंतर ती 'आजीची अंगाई' झाली. नाव एकदा पडलं ते पडलं.

"हां, आहे मी, आहे… आशाआत्याला केलास फोन? मला न विचारता?… काय म्हणाली?… 'आमची आई कुठली गातेय, धपाटा घालून निजवायची.' हो, असंच बोलणार ती… म्हणजे तिने ऐकलेलीच नाही… नाही, खोटं कशाला सांगेल…

"मी? मी म्हटलं होतं ना, बघते… हो, तीनदा म्हटलं. मोजतेस का तू?… माझ्यावर गेलीस, बरं… नाही, टाळत नाहीये… टाळतेय असं वाटतं तुला?… हं.

"निनाद काय म्हणतो? तुझा ड्रमवाला गं… सात मात्रांनी गोंधळ होतो म्हणे. सातवा ठोका भरून टाकू?… नको. नको हं, मुग्धा. ती जागा रिकामीच राहिली पाहिजे… कारण ती रिकामीच आहे. मला कसं माहीत म्हणजे? तुला झोपवताना हजार वेळा म्हटलंय मी ते.

"दुसरं काहीतरी लिहिता येईल का फॉर्मवर? 'अज्ञात' वगैरे… नाही चालत. माणूस लागतो. नाहीतर त्या माणसाचे वारस… काय?… काय केलंस?… बाबांना? अगं, ते प्लांटवर आहेत, त्यांना कशाला यात… नको, लाइनवर नको घेऊस. मुग्धा, आधी माझं ऐक… मुग्धा…"

फोनमधून एक बारीक बीप आला. साधना उठून उभी राहिली, मग पुन्हा बसली.

"हॅलो… हो, मीच. येतंय ऐकू… अहो, ते कानातले बोळे काढा आधी, ओरडताय तुम्ही… आणि सावलीत जा… हां, आता ठीक आहे.

"सांगितलं तिने मला. चार वाजेपर्यंत… कसला कागद?… रोनितने तुम्हालाही मेल केला?… वाचा बरं… 'सदर चाल माझ्या दिवंगत आईची असून मी तिचा कायदेशीर वारस…' हं… प्रिंट काढलासुद्धा? ऑफिसातल्या प्रिंटरवर?… सही करून फोटो पाठवला की झालं. पाच मिनिटांचं काम. खलास… हो, अगदी सोपं आहे.

"नाही, शंका नाही काढत… आशाताई लहान होत्या, त्यांना काय आठवणार, बरोबर… आणि तुम्हाला?… तुम्हाला आठवतं?… काय आठवतं नक्की?…

"हो, ऐकतेय… उन्हाळ्याची दुपार. तुम्ही पालथे झोपलेले. आई पाठीवर थोपटतायत… बांगड्यांचा आवाज… आणि तोंडाने ही चाल. हीच… हीच चाल."

साधनाने डोळे मिटले. बाल्कनीत सहा थेंब पडले, एक पडला नाही. प्रकाशचं खोटं नव्हतं. तेवीस वर्षं ऐकलेली गोष्ट त्याच्या लहानपणात जाऊन बसली होती, आणि ती तिनेच तिथे ठेवली होती.

तिने वही उघडली. दूध ९० मिली, रात्री ८.१०. दूध ६० मिली, ११.४५. खाली पेन्सिलने: चाल १, झोप नाही. चाल २, सव्वीस मिनिटांत झोप. चाल ३, झोप नाही, रडणं वाढलं. चाल ४, सात मोजून, सातवी रिकामी (नळीप्रमाणे): अकरा मिनिटांत झोप. बाजूला सरगम, तारीख. तेव्हा तिला नोकरी नव्हती, मोजायची सवय मात्र होती.

"हो, आहे. विचार करत होते… नाही हो, रडत नाहीये. एसीने नाक चोंदलंय… माहीत आहे मला, मंडळात सांगितलंत तुम्ही सगळ्यांना. गणपतीत स्टेजवरून सांगितलंत, तेव्हा पहिल्याच रांगेत होते ना मी… आईंचा फोटो लावणार अल्बमवर? कोण म्हणालं?… मुग्धा म्हणाली. आतल्या बाजूला, छोटा…

"मुग्धा, तू बोलू नकोस मध्ये. जरा वेळ फोन नुसता धरून ठेव… अहो, पेन आहे का हातात?… खाली ठेवा… नाही, आधी ठेवा, मग सांगते… ठेवलंत?… किती वाजले? तीन अडतीस. वेळ आहे.

"मी रोज वीसेक रिपोर्टांवर सही करते. जे मी मोजलं नाही, त्यावर आजवर केलेली नाही. तुम्हालाही करू देणार नाही… हो, येते मुद्द्यावर. येतेय ना. मला सवय नाही अशा बोलण्याची, जरा दम धरा…

"तुम्ही साताऱ्याहून परत आलात, त्या आठवड्यातली एक संध्याकाळ. दारात उभे होतात, बूटसुद्धा काढले नव्हते… आठवतं ना? विचारलंत, आई म्हणायची का गं हे… हो. मी 'हो' म्हणाले… तुमचा चेहरा असा होता की दुसरं काही बोलता येईना… म्हटलं, चार दिवसांनी सांगू. मग लांबलेल्या बारशाला तुम्ही सगळ्यांना सांगून टाकलंत. मग म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे. मग ही शाळेत जायला लागली…

"अहो?… आहात ना?… काहीतरी बोला…

"नाही. आईंनी मला काहीच शिकवलं नव्हतं. वेळच कुठे मिळाला आम्हाला… पण ते थोपटणं खरं असेल. बांगड्याही खऱ्या असतील. पाठीवरचा हात त्यांचाच होता, तो मी नाही घेत तुमच्याकडून. फक्त चाल त्यांची नाही…

"हो, चिडा. चिडलात तरी चालेल. घरी आल्यावर चिडा, मी इथेच आहे… काय?… 'मग कोणाची' म्हणजे…"

बादली भरत आली होती. थेंबांचा आवाज आता पत्र्यावरचा नव्हता, पाण्यावरचा होता. साधनाने वही दोन्ही हातांनी घट्ट धरली, फोन खांद्यात दाबला.

"मुग्धा, आहेस?… वहीचा फोटो पाठवते, तारखेसकट. चालेल का विचार त्या रोनितला… कसली वही ते बघशीलच. तुझ्या दुधाचा हिशोब आहे, हसू नकोस… फॉर्म उघड. चौथं गाणं… उघडलंस? 'पारंपरिक' लिहिलंयस ना, ते खोड… खोडलंस?… आता तिथे माझं नाव लिही. चाल मी केली आहे."