गोळ्यांच्या माळावरची हौसावैनी

मंडळी, तुमी समदी आलासा. सभेत बोलायची मला सवं न्हाई. पलटणीत निस्तं हुकूम ऐकलं. पण हौसावैनीसाठी कुणीतरी बोलायला पायजे, म्हणून तिचा दीर उभा हाय.

लढाईत आपला माळ सरकारनं दारूगोळा ठिवायला घेतला. लढाई संपली, तवा उरलेला दारूगोळा तिथंच जाळला, तिथंच पुरला, आन् रान परत दिलं. पयल्याच नांगरटीला फाळ गोळ्यावर बसला. माझा थोरला भाऊ गेला. दोन्ही बैलं फाटली. वैनी भाकरी घिऊन बांधावर उभी व्हती. रगात तिच्या लुगड्यावर उडालं.

मी म्हणालो, "वैनी, सोडा ह्यो माळ. गवतसुदिक उगवत न्हाई."

ती म्हणाली, "भावजी, तुमचा भाऊ त्या मातीत हाय. मी जाऊ कुठं?"

ती पलटणीच्या तळावर गेली. दारात बसली. पलटणीची माणसं माळ साफ करायला निघाली, तवाच उठली. त्यांनी गोळे काढले. जळका थर आमी कुदळीनं खरवडला. ओढ्याचा गाळ टाकला. मेंढरं बसवली. काही मेंढरं गोळे काढलेल्या खड्ड्यातलं दारूचं इखारी पाणी पिऊन तडफडून मेली. वैनीनं ते खड्डंबी बुजवलं. औंदा जोंधळा छातीला लागला. बघितलासा न्हवं तुमी?

ओढ्याकडंचा एक कोपरा तेवढा ऱ्हायला व्हता. तिथं आपल्याच गावचा तात्या, पितळ काढून इकायला, गोळा फोडत बसला. वैनीनं घणाचा आवाज ऐकला आन् पळत सुटली. मी वरडलो, "वैनी, मागं फिरा." मागं फिरली न्हाई. तिनं त्याचा हात धरला. तेवढ्यात गोळा फुटला.

जोंधळ्यातनं मी दोघांना गोळा केलं. कुणाचं काय, कळत नव्हतं.

सांजंला तुमच्यातली काहीजण कुऱ्हाडी घिऊन तात्याच्या घरावर गेलासा. त्याच्या बायकूनं, शेवंतानं, दार उघडलं. म्हणाली, "मारा. पण त्यांचं समदं सापडलं का, तेवढं सांगा." हातातल्या कुऱ्हाडी खाली झाल्या.

शेवंता हितंच बसलीया. वैनी तात्याला मारायला पळाली नव्हती. वाचवायला पळाली व्हती. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता उठा. दोघांसाठी उठा. ज्याला तात्यासाठी उठायचं न्हाई, त्यानं बसून ऱ्हावं. पण कुणी बोलू नका.