जबाबदार नातेवाईक

कल्याणच्या एका हॉस्पिटलात नीला सासऱ्यांचे रिपोर्ट घेऊन रांगेत उभी होती. पुढे ओळखीची समृद्धी आणि तिचा भाऊ कमलेश. त्यांची आई ठमाबाई आत आयसीयूत.

"फॉर्मवर तू सही कर. सगळं माझ्या एकट्यावर नको," कमलेश म्हणाला.

"कोपर गावातली जमीन बिल्डरला दिलीस, तेव्हा एकट्याचीच होती ना, दादा? माझी हक्कसोडपत्रावर सही घेतलेलीस."

"ते वेगळं. वकील बोलला, आईबापाला सांभाळायची जबाबदारी कायद्याने मुलीचीपण असते."

"हिस्सापण असतो, ते नाही बोलला?"

कमलेश मोबाइल बघू लागला.

"ठमाबाईंचे जबाबदार नातेवाईक कोण?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

मग समृद्धीने पेन घेतलं, सही केली.

"पेशंटशी नातं?"

"मुलगी. आणि खाली ह्याचंपण नाव लिहा, मॅडम. मुलगा आहे तो."