मुळे एकदम पेरू नयेत

— अगं बस गं बेटा, वरच्या खोल्या काही पळून चालल्या नाहीत. किल्ली देते. पण तू आल्या आल्या मुळ्याचं विचारलंस ना? मग आता सुटका नाही तुझी. मागे एक बाई आली होती खोल्या बघायला, अर्धा चहा टाकून गेली. मी फार बोलते म्हणे. बोलते की! दिवसभराचं साठलेलं असतं. घे, हात रिकामे नको ठेवूस, या शेंगा तोड. कोवळ्याच तोड. मुळ्याच्याच त्या, डिंगऱ्या म्हणतात. मुळा जून होऊन फुलला की लागतात. का फुलू दिला? तीच तर कहाणी. मला लिहिता-वाचता येत नाही, पण कहाणी चुकत नाही माझी.

आटपाट भोपाळ होतं. त्यात नेहरू नगर, त्यात दुमजली घर. तिथे लीलावती नावाची म्हातारी राहत होती. नवरा अच्युतराव, सरकारी ऑफिसात कारकून, देवाघरी गेलेला. मुलगा अंबरीश, सून मंजूषा, नातवंडं — सगळी बेंगळुरात. म्हातारीकडे काय होतं? अंगण होतं, रंगाच्या रिकाम्या बादल्या होत्या, आणि वेळ — वेळ तर पोत्यानं होता. दिवाळी झाली, अंबरीशचा फोन आला, आई, थंडीत सगळे येतो, हबीबगंजला उतरतो. आता नाव बदललंय स्टेशनचं, पण आमच्या घरात अजून हबीबगंजच. म्हातारी उठली, बादल्यांना बुडाशी भोकं पाडली — ती पाडायचीच, नाहीतर पाणी तुंबून मूळ कुजतं — माती मोकळी केली, थोडी रेती, जुनं शेणखत. ताजं नको हं, ताज्या शेणानं मुळ्याला दोन पाय फुटतात, आणि जास्त घातलं तर नुसता पालाच माजतो. बी बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल. जिथे वाढायचं तिथेच पेरायचं, रोप उपटून दुसरीकडे लावलंस की मुळा रुसतो, वाकडा होतो. अंबरीशला हेच सांगत असते मी — जाऊ दे.

तर म्हातारीनं काय केलं? सगळ्या बादल्या एकाच दिवशी पेरल्या. ही चूक तू करू नकोस. एक बादली या आठवड्यात, दुसरी पुढच्या, म्हणजे रोजच्या जेवणाला ताजा मिळतो. पूर्वी टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमागे मी तसंच करायचे, घरात खाणारी तोंडं होती. पण यंदा म्हातारी म्हणाली, सगळे एकदम येणार, तर मुळेही एकदम तयार हवेत! रोपं विरळ केली, चार-चार बोटांवर एक ठेवलं, उपटलेल्यांची भाजी एकटीनंच खाल्ली. मुळे काय आले म्हणून सांगू! मातीतून पांढरे खांदे वर काढून बसलेले. खांदा दिसला की उपटायचा, थांबायचं नाही. म्हातारी थांबली. डाळ वाटून मुळ्याचा चटका अंबरीशच्या हातावर ठेवायचा होता ना. त्याची सुटी पुढे गेली. मग नातीची परीक्षा आली. मग माघ लागला, आणि माघात आमच्याकडे मुळा खात नाहीत. त्यातून इथल्या शेजारणींचा माघ पौर्णिमेनंतर लागतो, आपल्या पंधरा दिवस आधीच, आणि आपला त्यांच्यानंतर संपतो — म्हातारीनं दोन्ही पाळले. मुळे आतून पोकळ झाले, फुलं आली. पांढरी, जांभळट. वाईट नव्हती दिसत. मी रोज सकाळी त्यांच्यापाशी — म्हातारी, म्हातारी बसायची.

आणि अंबरीश म्हणाला, आई, होळीपर्यंत वर कुणी राहायला आलं नाही, तर घराला कुलूप, तू इकडे. एकटी नको. मग मी सांगून टाकलं, आली की भाडेकरू! नाव काय? सोनाली, म्हटलं. गुणाची आहे, मुळ्याचे पराठे आवडतात तिला. आता रोज विचारतो, सोनाली कशी आहे? रोज काहीतरी सांगावं लागतं. परवा तिला सर्दी झाली... हसतेस? हस. पण नसलेल्या सोनालीबद्दल बोलता बोलता माणसाला तिची सवय होते गं.

थांब, त्याचाच फोन. हां अंबरीश, बोल. जेवले रे. कोण, भाडेकरू? आहे ना. समोरच बसलीय, डिंगऱ्या तोडतेय... देऊ? — बेटा, तो फोन मागतोय. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. खोल्या आवडल्या नाहीत तर — अजून बघितल्याच कुठे आहेस तू! — घे.

...

ठेवलास? काय म्हणालीस त्याला — सर्दी बरी आहे? आणि पुढच्या वर्षीचे मुळे तू पेरणार? आठवड्याला एक बादली?

बरं. ऊठ आता, पुरे झाल्या शेंगा. किल्ली दाराआडच्या खिळ्याला आहे. तुझं खरं नाव काय गं? असू दे, सामान आणशील तेव्हा सांग. जा, खिडक्या उघड वरच्या. मी नाही येत. गुडघे. गुडघेच दुखतात, दुसरं काही नाही. जा म्हणते ना.